मोठ्या चित्रकारांकडून शिकायचं, पण चित्र मुलांचं स्वतःचं कसं व्हावं?

खडूफळा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण हा विषय महिनाभर डोक्यातून जात नाहीये.

मी नाशिक जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. वर्गाला आठवड्याच्या दोन तासिका, परीक्षा जवळ आली की त्यातली एक गणिताकडे जाते. मुलं बहुतेक शेतकऱ्यांची, काही बाजारपेठेतल्या दुकानदारांची. रंगपेटी प्रत्येकाकडे असतेच असं नाही, एका बाकाला एक पेटी पुरवून वापरतात.

तर गेल्या महिन्यात आठवीला चित्रकार सय्यद हैदर रझांबद्दल सांगितलं. जन्म 1922 चा, मंडला जिल्ह्यातला, आधी नागपूरला आणि मग मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, 1950 ला पॅरिसला गेले, हे सगळं भराभर सांगून टाकलं आणि मग ती शाळेतली गोष्ट सांगितली. लहानपणी वर्गात लक्ष लागेना म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि म्हणाले याच्याकडे बघत बस. पुढे कित्येक वर्षांनी तोच बिंदू होऊन त्यांच्या कॅनव्हासवर आला. गोष्ट ऐकताना वर्ग इतका शांत होता की बाहेर पाणी भरायच्या टाकीचा आवाज येत होता. मला वाटलं आज काहीतरी पोचलं. म्हटलं आता यावरून तुमचं चित्र काढून आणा.

पुढच्या तासाला 46 वह्या आल्या आणि 46 वर्तुळं आली. मधे काळा गोळा, कोपऱ्यात त्रिकोण, लाल पिवळा निळा. कुणी ताटली ठेवून काढलेलं, कुणी आईची बांगडी ठेवून. रंग स्वच्छ भरलेले, कुठे बाहेर गेलेले नाहीत. मोबाईलवर रझा शोधलं की जे पहिलं चित्र येतं तेच सगळ्यांनी काढलेलं. एका मुलाला जवळ बोलावून विचारलं, अरे हा बिंदू कसला आहे? तो म्हणाला, "रझांचा आहे बाई."

त्याची काहीच चूक नाही. मीच तसं शिकवलं. पण तेव्हापासून विचार करतेय. कॉपी करू द्यावी का? दिली तर कुठवर? आणि एखादा मोठा चित्रकार दाखवल्यावर मुलाचं स्वतःचं चित्र बाहेर यायला नेमकं काय करतात? इथे कलाशिक्षक आहेत, चित्रकार आहेत, पालकही आहेत, सगळ्यांनी लिहा.

घाटमाथा

अगदी मनातला विषय. मुलगा नववीत आहे, यंदा इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसतोय. एका क्लासला घातलंय. तिथे स्मरणचित्राची आठ चित्रं पाठ करून घेतात, हो अक्षरशः पाठ. बाजार आला तर डावीकडे टोपली घेऊन बसलेली बाई, उजवीकडे पिशवी घेतलेला माणूस, मागे झाड. परवा त्याला म्हटलं चल माझ्यासोबत मंगळवारच्या बाजारात आणि मला ते झाड दाखव. झाड कुठंय आपल्या बाजारात? प्लास्टिकच्या निळ्या ताडपत्र्या आहेत, वजनकाटे आहेत, मधून मोटरसायकल घालणारे आहेत. हे काहीच त्याच्या चित्रात नाही. त्याच्या क्लासमधल्या मित्राचं चित्रही तंतोतंत हेच, फक्त बाईच्या लुगड्याचा रंग वेगळा.

पण ताई, खरं सांगायचं तर मला भीतीही वाटते. चांगली श्रेणी आली तर दहावीला वाढीव गुण मिळतात. त्याने स्वतःच्या मनाने काढलं आणि श्रेणी गेली तर? म्हणून गप्प बसलोय. चूक आहे हे कळतंय.

गेरू

धागा वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो.

आधी कॉपीबद्दल. कॉपी हे पाप नाही, आपल्याकडच्या कलाशिक्षणाचा मोठा भाग नकलेवर उभा आहे. जे.जे. 1857 ला सुरू झालं. तिथल्या जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या, ते काम 1885 पर्यंत चाललं. अंधाऱ्या गुहेत उभं राहून एकेक बोट, एकेक पापणी उतरवायची. त्यातल्या बऱ्याच नकला पुढे लंडनला ठेवलेल्या असताना आगीत जळाल्या, पण ज्या पोरांनी त्या केल्या त्यांच्या हातातलं कुठे जळतंय? पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच, पुढे व्यक्तिचित्रांसाठी नाव मिळवलं.

आता व्हॅन गॉग घ्या, ज्याची चांदण्यांची रात्र आज प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असते. त्याने स्वतः किती नकला केल्या आहेत! 1887 ला पॅरिसमध्ये असताना हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं पावसातल्या पुलाचं छापचित्र समोर ठेवून ते तैलरंगात केलं. रंग मूळपेक्षा भडक केले, भोवती चौकट केली आणि त्या चौकटीत दुसऱ्याच छापचित्रांवरची जपानी अक्षरं उतरवली. त्यानंतर सेंट रेमीच्या रुग्णालयात असताना 1889-90 मध्ये मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून वीसेक चित्रं केली. आणि इथे गंमत बघा, त्याच्यासमोर मिलेची छापील चित्रं होती ती काळीपांढरी. म्हणजे माणसं, त्यांची वाकलेली पाठ, हातातलं खुरपं हे मिलेचं, पण एकूण एक रंग त्याचा स्वतःचा.

यावरून शाळेसाठी एक सोपी गोष्ट सुचते. मुलांना रंगीत चित्र दाखवूच नका. काळीपांढरी झेरॉक्स द्या. दोन रुपयांचं काम आहे. रंग त्यांनाच ठरवावे लागतील आणि रंग ठरवायचे म्हटलं की मूल आपोआप आपल्या घरादारात शोधायला लागतं. मी शनिवार-रविवार लहान मुलांना शिकवतो, तिथे हे करून बघितलंय.

आणि रझांच्या बाबतीत, माझं स्पष्ट मत असं की मुलांनी चुकीची गोष्ट कॉपी केली. वर्तुळ कॉपी केलं. गुरुजींनी जे सांगितलं ते कॉपी करायला हवं होतं. वर्गातल्या भिंतीवरची एक जागा प्रत्येकाने निवडायची, दहा मिनिटं फक्त तिच्याकडे बघायचं, पेन्सिल हातात घ्यायची नाही. मग काढायचं. वर्तुळ आलं तर आलं, नाही आलं तर नाही.

कोरा_कागद

गेरू, भिंतीची कल्पना फार आवडली. +१

नागपूरकर म्हणून गायतोंड्यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. वासुदेव गायतोंडे, घर मूळचं गोव्याकडचं पण जन्म नागपूरचा, 1924. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात 2014 ला त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा आपल्या पेपरात किमतींच्या बातम्या जास्त आल्या आणि काम कसं करायचे याबद्दल कमी. वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ, रंगाचा थर द्यायचा, मग काढायचा, कागदाने टिपून घ्यायचा, परत द्यायचा. त्यांच्या चित्रात दिसतं काय यापेक्षा ते किती थांबले हे मला मुलांना सांगावंसं वाटतं.

माझ्या भाचीसोबत केलेला प्रयोग सांगते. एकच रंग, निळा. जाड कागदावर पातळ थर, ओला असतानाच वर्तमानपत्राचा फाटका तुकडा दाबून उचलायचा, वाळू द्यायचा, मग दुसऱ्या दिवशी दुसरा थर. एका दिवशी एकच थर, हा नियम. चौथ्या दिवशी ती म्हणाली मावशी हे आमच्या विहिरीच्या आतल्या भिंतीसारखं व्हायला लागलंय. मग पुढचे दोन दिवस ती त्या विहिरीच्या मागे लागली, वाकून बघून आली (आजोबांनी धरून ठेवलं होतं), शेवाळाचा पट्टा कुठवर आहे ते बघून आली. चित्र गायतोंड्यांसारखं अजिबात दिसत नाही. पण त्यांच्याशिवाय झालंही नसतं.

पाटीपेन्सिल

मी थोडं वेगळं बोलणार आहे, कॉपीच्या बाजूने, कारण वरचे सगळे अनुभवी लोक आहेत आणि मी अजून शिकतोय.

लहानपणी आमच्याकडे आजोबांनी जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे जपून ठेवले होते. त्यातली दीनानाथ दलालांची चित्रं मी दोन वर्षं रोज काढायचो. तीच मान, तीच बोटं, तोच पदर. पन्नास वेळा काढल्यावर कळलं की दलाल पदराची घडी सगळी दाखवतच नाहीत, दोनतीन रेषा टाकतात आणि बाकी आपल्याला दिसते. हे मला कोणी सांगितलं असतं तर नसतं कळलं, हाताला कळावं लागलं. सहावीत असताना मी असंच एक चित्र शाळेत नेलं. शिक्षकांनी वर्गासमोर ते वर धरलं आणि म्हणाले हे चोरीचं आहे, याला चित्रकार म्हणत नाहीत. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी चित्र काढलं नाही. आईने वह्या माळ्यावर ठेवून दिल्या.

आज डिझाइन शिकतोय. म्हणून कळकळीने सांगतो खडूफळा ताई, त्या 46 वर्तुळांना वाईट म्हणू नका. त्यातल्या एखाद्या मुलाला ते वर्तुळ खरंच आवडलेलं असू शकतं, ताटली ठेवून त्याने संध्याकाळभर रंगवलेलं असेल. नक्कल करणारं मूल प्रेमात पडलेलं असतं. त्याला तिथून पुढे न्यायचं, मागे नाही ओढायचं.

खडूफळा

पाटीपेन्सिल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी कुणाला वाईट म्हटलं नाही पण त्या तासाला माझा चेहरा पडला होता आणि मुलांना ते दिसलं असणार. उद्या वह्या परत देताना प्रत्येकीवर काहीतरी चांगलं लिहून देईन.

घाटमाथा, तुमच्या मुलाला पाठ केलेल्या आठ चित्रांतल्या माणसांची ठेवण वापरू दे, बसलेला माणूस, वाकलेला माणूस, हे हाताशी असणं वाईट नाही. फक्त मागचं झाड काढून तिथे ताडपत्री घालू दे. स्मरणचित्र म्हणजे आठवणीतून काढलेलं चित्र, आणि ताडपत्री त्याला आठवतेय. माझ्या मुलांनी असं केलंय आणि त्यांचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही.

डहाणू_लोकल

वारलीबद्दल लिहितो कारण शाळांमधून आपले चित्रकार म्हटलं की सगळ्यात आधी वारलीच येते आणि सगळ्यात जास्त अन्यायही तिच्यावरच होतो.

दोन त्रिकोण जोडले, गोल डोकं काढलं, झाली वारली, असं शिकवतात. मग त्याच माणसांच्या हातात मोबाईल देतात आणि म्हणतात बघा मुलाने नवीन काहीतरी केलं. आमच्याकडे लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर चौक म्हणजे लग्नाचं चित्र लिहितात, लिहितात हाच शब्द आहे. सवाशिणी लिहितात. भिंत सारवून गेरूचा हात देतात, तांदळाच्या पिठाचा पांढरा, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेला ब्रश. मध्ये पालघाट देवी. ती सजावट नाही, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. त्यामुळे चौक शाळेच्या ग्रीटिंग कार्डावर उतरवू नये असं मला मनापासून वाटतं.

मग मुलांनी काय घ्यावं? जिव्या सोमा म्हशे यांच्याकडे बघा. बायकांनी लग्नापुरतं लिहायचं ते या माणसाने रोज कागदावर कापडावर काढायला सुरुवात केली. 2011 ला पद्मश्री मिळाली, 2018 ला गेले. त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं आहेत. अख्ख्या कापडभर जाळं, बारीक बारीक पांढऱ्या खुणा, हजारो असतील, आणि त्यात कुठेतरी लहानशी माणसं. जवळून बघितलं तर एकच खूण परत परत, लांबून बघितलं तर जाळं पाण्यात हलतंय असं वाटतं. ते मुलांना दाखवा आणि विचारा, तुमच्या गावात असं काय आहे जे हजारोंनी असतं? ताई, तुमच्याकडे तर कांद्याच्या चाळी आहेत! त्रिकोणी माणूस काढायचीच गरज नाही. कांद्यासाठी एक खूण प्रत्येकाने स्वतः शोधायची आणि तीच खूण पानभर.

साता_समुद्रापार

वाचनखूण साठवली. डहाणू_लोकल, तुमचं चौकाबद्दलचं वाचून थांबले थोडा वेळ. आम्ही इथे दिवाळीच्या कार्यक्रमाला मुलांकडून अगदी तेच करून घेतलं होतं, यंदा नाही करणार.

मी बर्मिंगहॅमला असते. मुलीने इथे जीसीएसईला, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेला, आर्ट घेतलं होतं. इथे दोन वर्षांच्या वहीच्या कामाला 60 टक्के आणि शेवटच्या विषयाला 40 टक्के, त्यात देखरेखीखाली बसून दहा तास काम. गुणांचे चार भाग असतात प्रत्येकी 25 टक्क्यांचे, आणि त्यातला पहिलाच भाग असा की तुम्ही कुणाकडून काय घेतलं आणि ते समजून कसं पुढे नेलं ते दाखवा. म्हणजे लपवायचं नाहीच, उलट वहीत डाव्या पानावर मूळ चित्र, त्याखाली हाताने लिहिलेलं आणि उजव्या पानावर आपले प्रयत्न, फसलेले सुद्धा. फसलेली पानं फाडली तर गुण जाऊ शकतात.

तिने जपानी चित्रकार होकुसाईची लाट घेतली होती. मला वाटलं झालं, आता हिचंही तसंच होणार, कारण ती लाट टी-शर्टवर सुद्धा असते. पहिले दोन आठवडे तिने फक्त लाटेची टोकं काढली, ती फेसाची बोटं असतात ना वाकलेली, ती. त्यात तिने शोधून काढलं की 1831 च्या सुमाराच्या त्या चित्रातला गडद निळा हा मुळात युरोपातून आलेला रंग, आणि लांबचा डोंगर लहान दाखवायची पद्धत जपान्यांनी डच चित्रांतून पाहिलेली. म्हणजे डचांचं जपानला गेलं, आणि वर गेरूंनी लिहिलंय तसं जपानचं परत एका डच माणसाकडे, व्हॅन गॉगकडे आलं.

त्या वेळी माझी आई इथे आली होती. नऊवारी नेसते, आणि ती धुतली की मागच्या अंगणात दोरीवर वाळत घालायची. एवढं लांब कापड दोरीवर दुमडून, वाऱ्याने फुगायचं. मुलगी एक दिवस खिडकीतून बघत राहिली आणि म्हणाली आई, लाट. शेवटचं चित्र ते झालं. पानभर फुगलेली हिरवी नऊवारी, काठ वाकून खाली येताना, आणि खाली कोपऱ्यात आजी, लहान, हातात चिमटे. होकुसाईच्या चित्रात होड्या जितक्या लहान आहेत तितकीच. तिने मागे लिहिलं होतं की प्रमाण होकुसाईचं, लाट आजीची.

कायद्याची_वही

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण प्रदर्शनं आणि स्पर्धांमुळे हा प्रश्न येतोच.

आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतात. व्हॅन गॉग 1890 ला गेला, अमृता शेरगिल 1941 ला गेल्या, त्यांची चित्रं मोकळी आहेत. रझा 2016 ला गेले, त्यांचे हक्क 2076 च्या अखेरीपर्यंत आहेत. शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने नक्कल करणं याला कायद्यात सूट आहे, त्यामुळे वर्गात निर्धास्त राहा. पण हुबेहूब नकलेचं कॅलेंडर छापून शाळेने विकलं तर तो वेगळा विषय, परवानगी लागेल. शैलीवर हक्क नसतो. बिंदू काढणं, रोलर वापरणं, जाळ्यासारख्या खुणा करणं यावर कुणाची मालकी नाही.

आणि स्पर्धेत "स्वनिर्मित" असं लिहिलेलं असेल तर नक्कल पाठवू नका, ती कितीही सुंदर असली तरी. हल्ली एआयकडून चित्र करून घेऊन ते खिडकीच्या काचेवर धरून ट्रेस करून पाठवतात, तेही यातच आलं.

गेरू

कायद्याची_वही यांनी शेरगिलचं नाव काढलं म्हणून एक राहिलेलं लिहितो.

कुणाकडून घ्यायचं आणि किती, याचं त्यांच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. पॅरिसला शिकल्या, गोगँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रं मनात बसलेली, सपाट रंग, जाड माणसं. 1934 च्या अखेरीला भारतात परत आल्या. 1936 च्या डिसेंबरात अजिंठा पाहिलं. तिथून पुढे दक्षिणेत फिरल्या आणि 1937 ला ब्रह्मचारी, नववधूचा शृंगार ही चित्रं केली. त्या चित्रांत अजिंठ्यातली एकही आकृती उचललेली नाही. एकही नाही. पण ज्या मातकट लालात माणसं बसली आहेत, ज्या तऱ्हेने ती एकमेकांना अगदी खेटून पण शांत आहेत, ते अजिंठा बघितल्याशिवाय येत नाही. समोर बसलेली माणसं मात्र त्यांनी स्वतः बघितलेली होती.

म्हणून ताई, माझी एकच विनंती, मूळ चित्र शेवटपर्यंत समोर ठेवू नका. दोन दिवस ठेवा, नीट बघू द्या, काडेपेटीएवढ्या तुकड्याची नक्कल करू द्या. तिसऱ्या दिवशी ते कपाटात ठेवा आणि कुलूप लावा. मग जे मुलाच्या डोळ्यात राहिलं असेल तेवढंच कागदावर येईल, बाकीची जागा त्याला स्वतःच्या घरातून भरावी लागेल.

घाटमाथा

मुलाने गेल्या रविवारी बाजाराचं चित्र काढलं. ताडपत्रीखालची सगळी माणसं निळी रंगवली. मी म्हटलं अरे माणसं निळी का, तर म्हणाला पप्पा, खाली उभं राहून बघा ना, सगळे निळेच दिसतात. मंगळवारी बघितलं, खरंच दिसतात. एवढी वर्षं तिथून भाजी घेतोय.

खडूफळा

तीन आठवडे झाले, अपडेट द्यायला आले. मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आधी भिंत केली. प्रत्येकाने एक जागा निवडली, दहा मिनिटं बघत बसायचं. पहिली तीन मिनिटं खुसखुस, मग हळूहळू थांबली. पेपरवर जे आलं ते सांगते. ओलीचा डाग आला, पोपडा उडालेला आला, स्विचबोर्डाच्या भोवती हातांनी काळी झालेली जागा आली. ज्या मुलाने मला "रझांचा" म्हणून सांगितलं होतं त्याने एक खिळा काढला. त्या खिळ्याला पूर्वी कॅलेंडर होतं, ते गेलं, आणि कॅलेंडरच्या मागची भिंत बाकीच्यापेक्षा उजळ राहिलीय, एक चौकोन. त्याने आख्खा कागद मळकट पिवळा केला आणि मधे तो उजळ चौकोन कोराच सोडला, वर बारीक खिळा. रंग न लावता सोडून द्यायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी रोज त्या वर्गात जाते, तो चौकोन मी कधी बघितला नव्हता.

मग दुसरा चित्रकार म्हणून प्रभाकर बरवे घेतले. नागावचे, 1936 चा जन्म, जे.जे.मध्ये शिकले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. त्यांच्या चित्रात रोजच्या वस्तू असतात, घड्याळ, किल्ली, पान, पण सुट्या, मोकळ्या जागेत ठेवलेल्या, आकाराने उलट्यापालट्या, आणि त्या तशा ठेवल्या की त्यांच्यात काहीतरी नातं आहे असं वाटायला लागतं. झेरॉक्स काळीपांढरी दिली, काडेपेटीएवढी नक्कल केली, तिसऱ्या दिवशी झेरॉक्सा गोळा करून कपाटात टाकल्या आणि कुलूप लावलं. मुलं म्हणाली बाई आता काय बघून काढू? म्हटलं घरातली अशी वस्तू आणा जी रोज कुणाच्यातरी हातात असते.

विळा आला, मोबाईलचा चार्जर आला, गाईच्या गळ्यातली घंटा आली, आजोबांचा चष्मा आला. एका मुलीने शिवणयंत्राची बॉबिन आणली. तिची आई पिको-फॉल करते, ब्लाउज शिवते, घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. पहिल्या दिवशी तिने बॉबिन काढली ती खऱ्याएवढीच, कोपऱ्यात, नीट शेडिंग करून. मी काही बोलले नाही, फक्त विचारलं की ही तुला घरी कुठून दिसते. ती म्हणाली मी मशीनच्या समोर बसून अभ्यास करते, आई तिकडून, मी इकडून.

दुसऱ्या दिवशी तिने मोठा कागद मागितला. बॉबिन आता परातीएवढी, अर्धा कागद तिनेच व्यापलेला. तिच्यातून लाल दोरा निघतो, कागदभर फिरतो आणि उजव्या कडेने बाहेर जातो, कुठे जातो ते दिसत नाही. वरच्या बाजूला मोजायची टेप, आणि टेपवरचे आकडे उलटे. मला वाटलं चुकून झाले, दुरुस्त करायला सांगणार होते, बरं झालं नाही सांगितलं. तिला विचारलं तर म्हणाली टेप आईकडे सरळ असते ना, मला उलटीच दिसते. खाली डावीकडे एवढीशी कात्री. आई चित्रात नाही. पण ती समोर बसलीय हे त्या उलट्या आकड्यांवरून कळतं.

बरव्यांच्या चित्रात बॉबिन आहे की नाही मला माहीत नाही आणि तिलाही नाही. तिने मोकळी जागा घेतली, वस्तू मोठी-लहान करायची मोकळीक घेतली. बाकी तिचं.

कागदाच्या मागे प्रत्येकाने दोन ओळी लिहायच्या असं ठरवलं, कुणाचं काय बघितलं आणि माझं काय आहे. साता_समुद्रापार ताईंच्या मुलीवरून घेतलं हे. काहींनी छान लिहिलं, काहींनी फक्त नाव टाकलं, चालेल. सगळं जमलं असंही नाही. दहाबारा जणांनी बरव्यांचं पानच परत काढून आणलं, पाठ झालेलं. त्यांच्यावर रागावले नाही, पाटीपेन्सिलचा प्रतिसाद आठवला. ती पानं पण दोरीवर लावली, खाली "बरव्यांवरून" असं लिहून.

पाटीपेन्सिल

ते "बरव्यांवरून" वाचून खूप बरं वाटलं ताई. त्या दहाबारा जणांना माझ्याकडून शाब्बास सांगा.

डहाणू_लोकल

आणि कांदे?

खडूफळा

कांदे सातवीला दिलेत! अजून चालू आहे. एकाने पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराचा ठसा वापरला, एकीने बोटाचा. एक जण म्हणतो बाई सगळे सारखे नको, सडके पण पाहिजेत, नाहीतर ती चाळ खरी वाटणार नाही. त्यासाठी तो वेगळी खूण शोधतोय, गेले दोन तास.

गेरू

चित्रं कुठे लावलीत? फोटो टाकता येतील का? मुलांची नावं झाकून.

खडूफळा

व्हरांड्यात सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लावली आहेत, पाऊस तिरका येतो म्हणून आतल्या बाजूला. फोटो टाकायचे तर पालकांना विचारावं लागेल, शनिवारी पालकसभा आहे तेव्हा विचारते.

बॉबिनवाल्या मुलीची आई परवा आली होती, कामावरूनच, खांद्यावर टेप तशीच. चित्रासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, अगं आकडे उलटे काढलेस. मुलगी म्हणाली, मला तसेच दिसतात. तिने खांद्यावरची टेप काढली, मुलीच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि टेप हातात धरून उलटी करून बघितली.

पुढच्या महिन्यात चित्रकार के. के. हेब्बारांची नाचणाऱ्यांची रेखाटनं घ्यायचा विचार आहे, फक्त रेषा, रंग नाहीतच, म्हणजे रंगपेटीचा प्रश्न येणार नाही. कुणाकडे चांगल्या मोठ्या प्रिंट असतील, झेरॉक्स नीट निघेल अशा, तर सांगा.